गोबेर की वेम्बन्यामा? डिफेन्सची तुलना करायची तरी कशी

2023-24 च्या एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) हंगामात सॅन अँटोनियोच्या व्हिक्टर वेम्बन्यामाने सामन्यामागे 3.6 ब्लॉक केले, म्हणजे समोरच्याचे शॉट हवेतच अडवले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. मिनेसोटाच्या रूडी गोबेरचे होते 2.1. तरी वर्षाचा सर्वोत्तम डिफेंडर ठरला गोबेर, आणि वेम्बन्यामा आला दुसरा. नागपुरात शिवाजीनगर जिमखान्याच्या कोर्टावर सराव संपवून पोरं बाटल्या उघडून बसली आणि हा विषय निघाला की भांडण ठरलेलं. "काऊन बे, साडेतीन मोठे की दोन?" असं एक जण विचारतो. दुसऱ्याकडे "पण गोबेरची टीम जिंकली ना" यापलीकडे उत्तर नसतं.

प्रश्न मात्र फार चांगला आहे. कोण किती गुण करतो याची तुलना शाळेतलं पोरगंही करतं. डिफेन्सची तुलना करताना लीगमधले जाणकारसुद्धा अडखळतात. ते का अडखळतात हे कळलं, तर पहाटे उठून बघितलेला सामना अगदी वेगळा दिसायला लागतो.

आधी थोडं गणित करू. एनबीएत रिंगखालून मारलेला शॉट साधारण 65 टक्के वेळा जातो. तो दोन गुणांचा, म्हणजे अशा शंभर शॉटमागे 130 गुण. तीन गुणांच्या रेषेबाहेरून साधारण 36 टक्के जातात, म्हणजे शंभरमागे 108. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यातून, मिड-रेंजमधून, चाळीस-बेचाळीस टक्के जातात, म्हणजे शंभरमागे 80 ते 84. आणि फाउल करून दोन फ्री थ्रो दिले तर? फ्री थ्रो साधारण 78 टक्के जातात. शंभरदा असं केलं तर समोरच्याला 156 गुण मिळाले.

डिफेन्स म्हणजे काय, हे या चार आकड्यांत आलं. समोरच्याला रिंगपर्यंत येऊ द्यायचं नाही, तीन गुणांचा मोकळा शॉट द्यायचा नाही, फाउल करायचा नाही, आणि मधल्या पट्ट्यातून हात वर असताना अवघड शॉट मारायला लावायचा. हे ज्याला रात्रभर जमलं तो उत्तम डिफेंडर. पण बघा, यातली एकही गोष्ट स्कोअरशीटवर त्याच्या नावापुढे लागत नाही. रिंगकडे निघालेला गार्ड (बाहेरून खेळ चालवणारा खेळाडू) गोबेरला बघून थांबला, चेंडू मागे दिला, आणि शॉटसाठी मिळणाऱ्या 24 सेकंदांचं घड्याळ संपत आलेलं असताना कुणीतरी घाईत शॉट मारून चुकवला. यात गोबेरच्या खात्यात काय जमा झालं? ना ब्लॉक, ना स्टील (चेंडू हिसकावणं). चुकलेल्या शॉटचा चेंडू, म्हणजे रिबाउंडसुद्धा दुसऱ्याच्या हातात गेला असेल.

कबड्डीत हे आपल्याला पटकन कळतं. उजवा कोपरा दमदार असला की चढाई करणारा त्या बाजूला पाय टाकतच नाही. सामना संपतो तेव्हा त्या कोपऱ्याच्या नावावर जेमतेम दोन पकडी असतात, पण अर्धं मैदान त्याने बंद केलेलं असतं. बास्केटबॉलमधला मोठा डिफेंडरही असाच मैदानाचा तुकडा बंद करतो.

मग स्टील आणि ब्लॉक निरुपयोगी का? तसं नाही. ब्लॉक म्हणजे लांब हात, वेळेचं भान आणि रिंगजवळ असण्याची सवय यांचा पुरावा. पण तो अर्धाच पुरावा. प्रत्येक शॉटवर उडी मारणारा खेळाडू एखादा ब्लॉक मिळवतो आणि पुढच्या तीन वेळा पंप फेकला, म्हणजे शॉटच्या खोट्या हुलकावणीला, फसून फाउल देतो किंवा रिबाउंडची जागा सोडतो. स्टीलचं तर आणखी अवघड. स्टील हा बऱ्याचदा जुगार असतो. पासच्या वाटेवर झेप घेतली आणि चेंडू हाती लागला तर टाळ्या, नाही लागला तर मागे चार जण पाच जणांना सांभाळत बसतात. ॲलन आयव्हर्सन 2000-01 पासून सलग तीन हंगाम सामन्यामागे स्टील्समध्ये लीगमध्ये पहिला होता, पण लीगच्या सर्वोत्तम डिफेन्सिव्ह संघात (दरवर्षी निवडलेल्या डिफेंडरांची यादी, पहिला आणि दुसरा असे दोन संघ) तो कारकिर्दीत एकदाही निवडला गेला नाही. मोजणारे आकडे मोजत होते, आणि समोर बसलेल्या प्रशिक्षकांना दुसरंच काहीतरी दिसत होतं.

त्यातही मोजणारा माणूसच असतो. मायकेल जॉर्डनने 1987-88 मध्ये सामन्यामागे 35 गुण केले, 259 स्टील्स आणि 131 ब्लॉक नोंदवले, आणि त्याच वर्षी तो सर्वोत्तम डिफेंडरही ठरला. पुढे 2024 मध्ये पत्रकारांनी त्या हंगामाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा घरच्या मैदानावरचे त्याचे स्टील्स-ब्लॉक बाहेरच्या सामन्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. स्कोअर टेबलावर बसलेला माणूस यजमान संघाचा असे. यावरून जॉर्डन डिफेन्समध्ये लहान होत नाही. तो बॉल हातात असलेल्या माणसाला किती छळायचा हे जुन्या सामन्यांत स्वच्छ दिसतं. पण दोन खेळाडूंच्या सामन्यामागच्या स्टील्समध्ये अर्ध्या स्टीलचा फरक दाखवून कुणी भांडत असेल, तर तो फरक असा कुठूनही येऊ शकतो, हे लक्षात ठेवायचं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. माझ्या मते "सर्वोत्तम डिफेंडर कोण" हा प्रश्न विचारण्याआधी "त्याचं काम काय" हे विचारलं पाहिजे. डिफेन्समध्ये निदान तीन वेगळी कामं आहेत, आणि ती करणारी शरीरंही वेगळी असतात.

पहिलं काम रिंग राखण्याचं. गोबेर, मुटोम्बो, बेन वॉलेस, मार्क ईटन हे त्यातले. ईटनने 1984-85 मध्ये 456 ब्लॉक केले, तो विक्रम आजही आहे. वर्षाच्या सर्वोत्तम डिफेंडरचा पुरस्कार चार-चार वेळा मिळवलेले तिघेच, मुटोम्बो, वॉलेस आणि गोबेर, आणि तिघेही रिंगजवळचेच. यामागे वरचंच गणित आहे. सगळ्यात महाग शॉट रिंगखालचा, म्हणून तो स्वस्त करणारा माणूस सगळ्यात मौल्यवान.

दुसरं काम बॉल असलेल्या माणसाला पहिल्या पावलापासून अडवण्याचं. कवाय लेनर्ड, गॅरी पेटन, ब्रूस बोवेन, टोनी ॲलन ही त्यातली मंडळी. पेटनला 1996 मध्ये पुरस्कार मिळाला, आणि त्यानंतर गार्डला तो मिळायला 2022 साल उजाडलं, तेव्हा मार्कस स्मार्टला मिळाला. एवढ्या काळात चांगले गार्ड डिफेंडर नव्हते असं नाही. एका गार्डला उत्तम गार्डने अडवलं तरी तो संघ चेंडू दुसरीकडे देऊन खेळू शकतो. रिंगखालच्या उंच माणसाला मात्र पाचही जणांना तोंड द्यावं लागतं, म्हणून त्याचा परिणाम जास्त पसरतो.

तिसरं काम मोकाट फिरणाऱ्या मदतनिसाचं, आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. ड्रेमंड ग्रीनची उंची जेमतेम 6 फूट 6 इंच. सात फुटी लोकांच्या खेळात तो सेंटरच्या, म्हणजे रिंगजवळच्या उंच खेळाडूच्या, जागी उभा राहिला आणि 2017 चा सर्वोत्तम डिफेंडर ठरला. त्याची ताकद डोळ्यांत आणि तोंडात आहे. समोरचा डाव कुठे जाणार हे त्याला दोन पास आधी दिसतं, आणि तो सतत ओरडत असतो: स्क्रीन (वाट अडवायला आडवा येणारा खेळाडू) डावीकडून येतेय, स्विच (माणसांची अदलाबदल) कर, तू खाली जा, मी बघतो. आपल्याकडच्या कॉलेजच्या सामन्यांत सगळ्यात मोठी उणीव मला हीच वाटते. पोरं पळतात, उड्या मारतात, घाम गाळतात, पण बोलत नाहीत. पाच जण न बोलता डिफेन्स करतात तेव्हा पहिल्याच स्क्रीनवर दोघं एकाच माणसामागे जातात आणि तिसरा मोकळा सुटतो.

या तिघांची एकमेकांशी थेट तुलना करायची म्हणजे आधी ते काम आणि मग ते काम किती निभावलं, अशा दोन पायऱ्या लागतात. पहिली पायरी गाळली की वाद आयुष्यभर संपत नाही.

आकड्यांचा उपयोग दुसऱ्या पायरीवर होतो, आणि इथे थोडं नीट समजून घ्यायला हवं. सगळ्यात जास्त वापरला जाणारा आकडा म्हणजे डिफेन्सिव्ह रेटिंग: शंभर पझेशनमागे (चेंडू एका संघाच्या ताब्यात असतो ती एक खेळी) संघाने किती गुण दिले. एखादा खेळाडू मैदानावर असताना हा आकडा किती आणि तो बाकावर असताना किती, यातला फरक काढतात. ऐकायला छान वाटतं, पण यात तीन खड्डे आहेत. तो ज्यांच्यासोबत खेळतो ते चौघे चांगले असतील तर त्यांचं श्रेयही त्याच्याच खात्यात पडतं. त्याच्या जागी बाकावरून येणारा फारच कच्चा असेल, तर मूळ खेळाडू उगाच मोठा दिसतो. आणि तिसरा खड्डा नशिबाचा. तो मैदानावर असताना समोरच्यांनी तीन गुणांचे मोकळे शॉट चुकवले, तर त्यात त्याचं कर्तृत्व फारसं नसतं, तरी आकडा सुधारतो. पाच-दहा सामन्यांवरून काढलेला असा आकडा मी तरी गांभीर्याने घेत नाही.

यावर उपाय म्हणून हजारो पझेशन एकत्र घेऊन, प्रत्येक वेळी मैदानावर कोणते दहा जण होते हे धरून, प्रत्येकाचा वाटा वेगळा काढायची पद्धत आली. खेळाडू संघ बदलतात, दुखापतीने बाहेर बसतात, जोड्या फुटतात, त्यामुळे हळूहळू कुणाचा भार कोण उचलत होतं हे गणिताला कळायला लागतं. एका हंगामात ते धूसर असतं, तीन-चार हंगामांत बरंच स्पष्ट होतं. गोबेर या पद्धतीत वर्षानुवर्षं वर येत राहिला आहे, आणि त्याच्या ब्लॉकपेक्षा या सातत्याला मी जास्त वजन देतो.

नंतर कॅमेरे आले. 2013-14 पासून एनबीएच्या प्रत्येक स्टेडियममध्ये छताला कॅमेरे आहेत आणि दहाही खेळाडू कुठे होते याची नोंद होते. 2023-24 पासून तर हॉक-आयचं तंत्र वापरतात. जामठ्याला सामना असला की एलबीडब्ल्यूच्या रिव्ह्यूत जे नाव दिसतं, तेच. त्यामुळे आता कुणाच्या समोर किती शॉट मारले गेले, हात किती जवळ होता, पासला किती वेळा बोट लागलं, हे मोजता येतं. तरी एक गोष्ट कॅमेऱ्यालाही अवघड जाते: चूक कुणाची? गार्ड आपल्या माणसाकडून चकला, मदतीला सेंटर धावला, सेंटरचा माणूस मोकळा सुटला आणि त्याने शॉट मारला. नोंद सेंटरच्या नावावर पडते, चूक गार्डची असते.

नेमकं हेच 2021 च्या प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्या) गोबेरच्या बाबतीत घडलं, आणि तो सामना मी डिफेन्स शिकणाऱ्या प्रत्येकाला बघायला सांगतो. गोबेरचा तेव्हाचा संघ युटा जॅझ त्या हंगामात लीगमध्ये अव्वल होता, गोबेर त्या वर्षीचा सर्वोत्तम डिफेंडर होता. समोर लॉस एंजेलिस क्लिपर्स, तेही जखमी कवाय लेनर्डशिवाय. सहाव्या सामन्यात युटा 25 गुणांनी पुढे गेला. क्लिपर्सनी उंच सेंटर बसवून ठेवला आणि पाचही जण रेषेबाहेर पसरवले. गोबेर ज्याला धरून होता तो टेरेन्स मॅन कोपऱ्यात उभा. क्लिपर्सचे गार्ड युटाच्या गार्डना चकवून आत शिरत, गोबेर रिंग राखायला आत सरके, आणि चेंडू कोपऱ्यात मॅनकडे. मॅनने 39 गुण केले, तीन गुणांचे सात शॉट घातले, आणि क्लिपर्स 131-119 ने जिंकून पुढे गेले. त्यानंतर कितीतरी दिवस "गोबेर प्लेऑफमध्ये चालत नाही" असंच सगळीकडे ऐकू येत होतं.

मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो. आत शिरणाऱ्याला मोकळा लेअप (रिंगजवळचा सोपा शॉट) द्यायचा की कोपऱ्यातला तीन गुणांचा शॉट, असे दोनच वाईट पर्याय त्याच्यापुढे होते, आणि ते त्याच्यापुढे आणले बाहेरच्या चौघांनी. तरीही त्यात गोबेरबद्दल एक खरी गोष्ट आहेच. त्याचं काम रिंगशी बांधलेलं आहे. समोरच्याने त्याला रिंगपासून दूर ओढायचं ठरवलं आणि त्याच्या संघातले गार्ड कच्चे निघाले, तर त्याची किंमत कमी करता येते. 2024 च्या प्लेऑफमध्ये लुका डोंचिचने शेवटच्या क्षणी स्विच होऊन समोर आलेल्या गोबेरच्या डोक्यावरून मागे सरकत तीन गुणांचा शॉट घातला आणि डलासने सामना 109-108 ने जिंकला. त्या एका शॉटवरून गोबेरची लायकी ठरवणं चूक आहे, कारण तसा अवघड शॉट शंभर वेळा मारायला लावला तर डिफेन्सच जिंकतो. पण डलासने गोबेरला तिथे आणलं होतं, हे नाकारता येत नाही.

त्यामुळे मी तुलना करताना शेवटी हाच प्रश्न विचारतो: समोरच्या संघाने याला टाळायचं ठरवलं, तर टाळता येतं का? लेनर्डला टाळायला चेंडू दुसऱ्या खेळाडूकडे न्यावा लागतो. ग्रीनला टाळणं फार अवघड, कारण तो बाहेर ओढला गेला तरी तिथे गार्डसमोर उभा राहू शकतो. आणि वेम्बन्यामा? उंची सव्वासात फुटांच्या पुढे, पसरलेले हात सुमारे 8 फूट. तो रिंगजवळ उभा राहून कोपऱ्यातल्या शॉटवर दोन पावलांत हात पोचवतो. मॅनच्या जागी उभ्या असलेल्या माणसाला तो सहजी मोकळं सोडणार नाही. मग 2024 मध्ये पुरस्कार गोबेरला का? कारण मिनेसोटाचा डिफेन्स लीगमध्ये पहिला होता आणि त्याचा खांब गोबेर होता. सॅन अँटोनियोने त्या वर्षी 82 पैकी फक्त 22 सामने जिंकले. वेम्बन्यामा पहिल्याच हंगामात सर्वोत्तम डिफेन्सिव्ह संघात आला, नवख्या खेळाडूला पहिल्या संघात ही जागा आधी कधीच मिळाली नव्हती. हंगामभराच्या कामाचा पुरस्कार गोबेरला देणं मला योग्यच वाटतं. एका रात्रीसाठी, समोर कोण आहे हे माहीत नसताना एक डिफेंडर निवडायचा, तर मी वेम्बन्यामाला घेईन.

कुणी किती गुण दिले यावरून फसू नये, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण 2015 ची अंतिम मालिका. लेब्रॉन जेम्सने सामन्यामागे 35.8 गुण केले. तरी मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला त्याला धरणारा आंद्रे इग्वोडाला. कारण लेब्रॉनचे शॉट 39.8 टक्केच गेले. प्रत्येक गुणासाठी त्याला इतकं राबावं लागलं की त्याच्या क्लीव्हलँडचा बाकी खेळ आटला, आणि इग्वोडालाचा संघ गोल्डन स्टेट सहा सामन्यांत जिंकला.

पुरस्कारांवरही आंधळा विश्वास नको. 2013 मध्ये मार्क गॅसोल पत्रकारांच्या मतांनी वर्षाचा सर्वोत्तम डिफेंडर ठरला, आणि त्याच वर्षी प्रशिक्षकांच्या मतांनी तो सर्वोत्तम डिफेन्सिव्ह संघाच्या दुसऱ्या फळीत गेला. टिम डंकन पंधरा वेळा अशा संघांत निवडला गेला, पण वर्षाचा सर्वोत्तम डिफेंडर एकदाही झाला नाही. आता तर पुरस्कारासाठी किमान 65 सामने लागतात. 2024-25 मध्ये वेम्बन्यामा सामन्यामागे 3.8 ब्लॉक करत असताना खांद्यात रक्ताची गाठ झाल्याने 46 सामन्यांवर थांबला, आणि पुरस्कार इव्हान मोब्लीला गेला.

वेगवेगळ्या काळांतल्या खेळाडूंची तुलना करताना नियम आधी बघावे लागतात. 2001-02 च्या आधी एनबीएत झोन डिफेन्सला (माणूस न धरता जागा राखण्याला) बंदी होती, मदतीला जाणाऱ्याला आपला माणूस सोडून फार दूर जाता येत नसे. झोनला परवानगी मिळाली तेव्हाच दुसरा नियम आला: कुणालाही धरून नसलेला डिफेंडर रिंगसमोरच्या पेंटमध्ये (रंगवलेल्या चौकटीत) तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू शकत नाही. नागपुरात आपण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी खेळतो, त्यात ही अट नाही. म्हणून आपल्याकडचा उंच पोरगा झोनमध्ये रिंगखाली उभा राहून सामना काढू शकतो. तसं एनबीएत चालत नाही, तिथे गोबेरला सतत आत-बाहेर करत राहावं लागतं. 2004-05 पासून बॉल असलेल्या माणसाला हाताने अडवून धरण्यावरही कडक बंधन आलं. पेटनला जे हात वापरता येत होते ते स्मार्टला वापरता आले नाहीत.

जुन्या काळातला बॉस्टनचा सेंटर बिल रसेल याच्या बाबतीत तर आकडेच नाहीत. ब्लॉक आणि स्टील्सची अधिकृत नोंद 1973-74 पासून सुरू झाली, आणि रसेल 1969 मध्ये निवृत्त झाला. तेरा हंगामांत अकरा विजेतेपदं, आणि ब्लॉक केलेला चेंडू प्रेक्षकांत न भिरकावता सहकाऱ्याच्या हातात टाकण्याची त्याची हातोटी, एवढं आपल्याकडे आहे. तो ब्लॉक म्हणजे ब्लॉक अधिक पझेशन, आणि वरच्या गणितात पझेशनची किंमत मोठी आहे.

ज्यांच्या नोंदी आहेत त्यांत मी हकीम ओलाजुवानला सगळ्यात वर धरतो. कारकिर्दीत 3,830 ब्लॉक, आजवरचे सर्वाधिक. 1988-89 मध्ये 282 ब्लॉक आणि 213 स्टील्स. एकाच हंगामात दोन्हीत दोनशेच्या पुढे जाणारा तो एकटाच. सेंटर असून स्टील्समध्ये गार्डच्या बरोबरीने, याचा अर्थ त्याचे पाय रिंगखाली रोवलेले नव्हते. लहानपणी लागोसमध्ये तो हँडबॉल आणि फुटबॉल खेळायचा, तिथेच त्याचं पदलालित्य घडलं. क्लिपर्सने पाच जण रेषेबाहेर पसरवले असते तर ओलाजुवान त्यांच्या मागे कोपऱ्यापर्यंत गेला असता, आणि मॅनला 39 गुण करणं फार जड गेलं असतं.